कामून?

गेल्या श्रावणात एका शनिवारी रात्री, नांदेडला मामांच्या घरी आम्ही सात जणांनी मिळून एका टायरचा सिनेमा बघितला. टायर म्हणजे खरंच टायर, गाडीचा. तोच हिरो, तोच व्हिलन. वाळवंटातून एकटाच गडगडत जातो आणि वाटेत जो भेटेल त्याचं डोकं नुसतं थरथरून फोडतो. नाव 'रबर', साल २०१०, दिग्दर्शक क्वेंटिन द्युपिए. सिनेमा फ्रेंच, पण शूटिंग कॅलिफोर्नियातलं आणि झाडून सगळी माणसं बोलतात इंग्रजी.

हा सिनेमा माझ्या 'बघायचंय' यादीत दहा-बारा वर्षं पडून होता. हिंजवडीला माझ्या शेजारच्या क्युबिकलमध्ये एक सिनेमावेडा बसायचा. बिल्ड चालू असताना तो मला जगभरचे सिनेमे सांगायचा (आमचा बिल्ड चाळीस मिनिटं चालायचा, त्यामुळे माझं शिक्षण बऱ्यापैकी झालं). त्यानं एकदा हा सिनेमा सांगितला आणि मी हसून हसून खुर्चीतून पडायचा बाकी राहिलो. "अरे, टायर! टायर खून करतो! आणि का करतो, तर काही कारण नाही!"

आता तुम्ही म्हणाल, यात एवढं हसण्यासारखं काय. तर त्याला घरगुती कारण आहे. माझ्या मामांचा नांदेडला टायर रिमोल्डिंगचा धंदा होता. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी ट्रकचे, ट्रॅक्टरचे, उसाच्या ट्रॉल्यांचे घासलेले टायर घेऊन त्यांना नवीन कातडं चढवलं. जुना टायर आधी तपासायचा, मग मशीनवर घासून गुळगुळीत करायचा, त्यावर सोल्युशन लावायचं, नवीन रबराचा पट्टा बसवायचा आणि शेवटी उष्णता देऊन शिजवायचा. हो, 'शिजवायचा' हाच मामांचा शब्द. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी लातूरहून नांदेडला जायचो तेव्हा एस.टी. स्टँडवर उतरल्यापासूनच मला जळक्या रबराचा वास यायला लागायचा. दुकान तिथून बरंच लांब होतं, म्हणजे तो वास माझ्या डोक्यातच असणार.

आणि लातूरला तरी काय वेगळं होतं? आमच्या पिढीतल्या कुठल्याही पोराला विचारा, पहिलं वाहन कोणतं? स्कूटरचा जुना टायर आणि एक काठी. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. आमच्या टायरला एकदा उतार मिळाला की तो सोळापैकी कुठल्या रस्त्याला लागेल याचा नेम नसायचा. तेव्हा टायरला स्वतःचं डोकं असतं, हे मला कुठल्याही फ्रेंच दिग्दर्शकाच्या आधी माहीत होतं :)

तर असा हा सिनेमा मी एकट्याने बघणार नव्हतो. तो मामांबरोबर बघायचा हे मी ठरवून टाकलं होतं.



योग जुळून आला. जोडून सुट्टी होती. पुण्याहून आधी लातूरला घरी आलो, एक दिवस राहून चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेड गाठलं. रात्री जेवणं झाल्यावर मामेभावाने लॅपटॉप टीव्हीला जोडला. मामा, मामी, मामेभाऊ, त्याची बायको, त्यांचा आठ वर्षांचा मुलगा, शेजारचे एक काका आणि मी. मुलाला डोकी फुटायच्या आधी झोपवायचं असं ठरलं होतं. मी दुभाषा.

पहिला प्रसंग असा. वाळवंटात कच्च्या रस्त्यावर बऱ्याचशा लाकडी खुर्च्या उगाच मांडून ठेवल्यात. एक गाडी येते, मुद्दाम नागमोडी चालत एकेक खुर्ची पाडते, थांबते. डिकीतून एक पोलीस अधिकारी बाहेर येतो, हातात पाण्याचा ग्लास, आणि कॅमेऱ्याकडे बघून भाषण ठोकतो. भाषणाचा सारांश: मोठमोठ्या सिनेमांत ज्या गोष्टी घडतात त्यांना काही कारण नसतं. स्पीलबर्गच्या 'ई.टी.'मधला परग्रहवासी तपकिरी का? काही कारण नाही. 'लव्ह स्टोरी'तली ती दोघं प्रेमात का पडतात? काही कारण नाही. 'जेएफके'मध्ये अध्यक्षाला गोळी का घातली जाते? काही कारण नाही. आयुष्यसुद्धा असंच आहे, आणि आजचा सिनेमा म्हणजे या 'काही कारण नाही'ला वाहिलेली आदरांजली आहे. एवढं बोलून तो ग्लासातलं पाणी जमिनीवर ओततो आणि परत डिकीत जाऊन बसतो.

मी रंगात येऊन भाषांतर करत होतो. "काही कारण नाही", "उगीच", "असंच", "काही कारण नाही".

काका म्हणाले, "हे सरकारी खात्यातला दिसतोय." सगळे हसले. मला वाटलं, जमलं!

मग टायर आला. आणि प्रामाणिकपणे सांगतो, पुढची दहा मिनिटं खरंच सुंदर आहेत. वाळूत अर्धा पुरलेला टायर हळूच हलतो. उठायला बघतो, पडतो. पुन्हा उठतो, चार हात जातो, डुगडुगतो, पडतो. नुकतं जन्मलेलं वासरू कसं उभं राहतं, अगदी तसं. मामा पुढे सरकून बसले. "हवा नाही, रिम नाही, तरी कसा चालालाय रे तो?" मी सांगितलं की आत काहीतरी रिमोटवर चालणारं बसवलं असणार. मामा म्हणाले, "ते राहू दे. चाल बग त्याची. घासलेला टायर हाय, एका अंगाला झुकतोय. बरोबर दाखवलंय."

पस्तीस वर्षं टायर हाताळलेल्या माणसाकडून मिळालेलं हे प्रशस्तिपत्रक द्युपिएपर्यंत पोहोचायला हवं होतं.

टायर पुढे एक प्लास्टिकची बाटली चिरडतो, मग विंचू. काचेची बाटली मात्र चिरडत नाही. तेव्हा तो चिडून थरथरायला लागतो आणि बाटली फुटते. आपल्या अंगातली शक्ती त्याला कळते. मग एक ससा. इथे मामेभावाच्या बायकोने पोराला उचललं आणि आत नेलं.

आणि इथूनच सिनेमातली हवा जायला लागली.



पुढचं थोडक्यात सांगतो. वाळवंटात काही प्रेक्षक उभे आहेत, हातात दुर्बिणी घेऊन. ते टायरचा 'सिनेमा' बघतायत. टायर एका बाईच्या मागे लागतो, मोटेलात उतरतो, टीव्ही बघतो, पोहायच्या तलावात बुडी मारतो, माणसं मारतो. इकडे प्रेक्षकांना खायला विषारी टर्की दिली जाते आणि ते मरतात. प्रेक्षकच मेले म्हटल्यावर तो पोलीस अधिकारी सहकाऱ्यांना सांगतो, चला, संपलं, घरी जा. पण एक व्हीलचेअरवरचा म्हातारा प्रेक्षक खाल्लेलाच नसतो, म्हणून जिवंत असतो, म्हणून सिनेमा चालू ठेवावा लागतो. शेवटी टायरला गोळी घालतात, तर तो लहान मुलांच्या तिचाकी सायकलचा अवतार घेऊन परत येतो, बाकीच्या टायरांची फौज जमवतो आणि हॉलीवूडवर चाल करून जातो.

वाचायला भारी वाटतं ना? मलाही दहा वर्षं भारी वाटत होतं. अडचण अशी की हा सिनेमा सांगण्यातच जास्त चांगला आहे. माझ्या मित्राने जेवणाच्या सुट्टीत पाच मिनिटांत जो 'रबर' दाखवला होता, तो द्युपिएच्या दीड तासापेक्षा सरस होता. पडद्यावर एक डोकं फुटतं, मग दुसरं फुटतं, मग तिसरं, आणि चौथ्याला मामांचा डोळा लागला. काका "उद्या लवकर उठायचंय" म्हणून गेले. मामेभाऊ मोबाईलमध्ये शिरला. मी मात्र यजमान असल्यासारखा टक लावून बसलो होतो, मधूनमधून एकटाच मोठ्याने हसत. आपण शिफारस केलेला सिनेमा पडला की माणूस कसा हसतो, ते तुम्हाला माहीत असेलच.

मामी कधी उठून गेल्या ते मला कळलंच नाही.

खरं म्हणजे त्या अगदी सुरुवातीला, त्या भाषणानंतर लगेच उठल्या होत्या. चहा टाकते म्हणाल्या. चहा आला, पण तो मामेभावाच्या बायकोने आणला. सिनेमा संपल्यावर मी कप ठेवायला स्वयंपाकघरात गेलो तर मामी ओट्याला टेकून खाली बसल्या होत्या, सकाळच्या भाजीसाठी गवार मोडत. रात्रीचे पावणेबारा.

मी म्हणालो, "मामी, तुम्ही आलाच नाहीत परत. आवडला नाही का?"

त्या म्हणाल्या, "काही नाही रे. तो माणूस सारखा कारण नाही, कारण नाही करालाय. आन तुम्ही हसालाय. आता कारण नाही, ते खरंच असंल. पण त्याला हसायचं कामून?"



'कामून' हा शब्द पुण्यात मी विसरून गेलो होतो. कामून म्हणजे का, कशासाठी. आमच्या लातूरपेक्षा नांदेड-परभणीकडे जास्त ऐकू येतो. मामी मूळच्या नांदेडच्या नाहीत. त्यांचं माहेर औसा तालुक्यात, किल्लारीपासून सायकलने जाता येईल एवढ्या अंतरावरचं गाव. पण लग्नानंतर पस्तीस वर्षं नांदेडला काढल्यावर 'कामून' त्यांच्या तोंडात बसलाय.

किल्लारी म्हटल्यावर चाळिशीच्या पुढच्या वाचकांना पुढचं सांगायला नको. तरुणांसाठी सांगतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. लोक विसर्जन करून, रात्री उशिरा घरी येऊन, दमून झोपले होते. भूकंप झाला. रिश्टर स्केलवर ६ च्या पुढे. सरकारी आकडा आठ हजारांच्या आसपास मृतांचा. आमच्याकडे लोक दहा हजार म्हणतात.

मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. लातूर शहरात आमचं घर हललं, भिंतीला तडा गेला, आम्ही पुढचे कितीतरी दिवस बाहेर पटांगणात झोपलो. आम्हा पोरांना ती एक प्रकारची मजाच वाटत होती, हे आता लिहायला लाज वाटते. मामींचे आई, वडील आणि धाकटा भाऊ त्या रात्री गेले. मामी त्या वर्षी गौरीला माहेरी गेल्या होत्या. विसर्जन करूनच येणार होत्या. पण बरोबर नेलेलं बाळ, म्हणजे हाच माझा मामेभाऊ, तापाने फणफणलं, गावात डॉक्टर नव्हता, म्हणून मामा जाऊन दोघांना दोन दिवस आधी नांदेडला घेऊन आले.

हे सगळं मला माहीत होतं. घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. आणि तरीही त्या रात्री टीव्हीसमोर बसून मी मामींच्या कानात तीन मिनिटं "काही कारण नाही, उगीच, असंच" चालवलं होतं, वर मोठ्यानं हसत. मला एकदाही आठवण झाली नाही.

मी ओट्यापाशी बसलो आणि गवार मोडायला घेतली. मामी फार बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "लई वर्षं मी विचारायचे. मीच कामून राहिले. मग एकदा तुझे मामा म्हणले, पोराला ताप आला म्हणून राहिलीस. बस. तेवढं कारण धरून बसले बग."



पुण्याला परत येताना गाडीत हेच डोक्यात होतं. मी काही अ‍ॅब्सर्ड प्रकाराच्या विरोधातला माणूस नाही. उलट मला तो जाम आवडतो. मग हा सिनेमा मला का आवडला नाही? मामींना वाईट वाटलं म्हणून? तसं असतं तर तो माझा अपराध झाला, सिनेमाचा नाही. द्युपिएला काय माहीत की नांदेडमध्ये कोण बसलंय.

विचार करताना मला ते भाषण परत आठवलं. त्यातलं एक उदाहरण मी वर मुद्दाम सांगितलं नव्हतं. तो पोलीस अधिकारी पोलान्स्कीच्या 'द पियानिस्ट'बद्दलही बोलतो. एवढा सुंदर पियानो वाजवणारा माणूस, त्याला भिकाऱ्यासारखं लपतछपत का राहावं लागतं? काही कारण नाही!

आता हे बघा. 'पियानिस्ट'मधला माणूस वॉर्सातला ज्यू आहे आणि शहर नाझींच्या ताब्यात आहे. त्याला का लपावं लागतं याचं कारण तर जगाला ठाऊक आहे. 'जेएफके' हा तीन तासांचा सिनेमाच मुळी 'का मारलं' हे शोधण्याबद्दल आहे. म्हणजे तो अधिकारी जिथे कारण नाही तिथे 'कारण नाही' म्हणत नाहीये. जिथे कारण आहे आणि ते शोधायला कष्ट पडतात, तिथेही तो हात झटकून मोकळा होतोय. तुम्ही म्हणाल, अरे, तोच तर विनोद आहे, तो माणूस मूर्ख दाखवलाय. मान्य. एकदा मान्य. पण पुढे अख्खा सिनेमा त्या मूर्खाच्याच म्हणण्याप्रमाणे चालतो. कुठे अडलं की 'काही कारण नाही'. कंटाळवाणं झालं? तेही मुद्दामच. प्रेक्षक वैतागले? बघा, आम्ही सिनेमातच वैतागलेले प्रेक्षक दाखवलेत! अशा माणसाशी भांडता येत नाही, कारण तो आधीच डिकीत जाऊन बसलेला असतो.

आमच्या धंद्यात याला एक नाव आहे. प्रॉडक्शनमध्ये रात्री दोनला काहीतरी पडतं. कोणीतरी सर्व्हर रीस्टार्ट करतं, चालू होतं. सकाळी अहवालात 'मूळ कारण' या रकान्यात लिहितात: 'माहीत नाही, पुन्हा घडलं नाही.' तिकीट बंद. मी नवीन होतो तेव्हा मीही असं लिहिलंय. एकदा एका सीनियर बाईंनी माझं तिकीट परत उघडलं आणि खाली एकच शब्द लिहिला, 'का?' मी उत्तर लिहिलं. त्याखाली परत 'का?' टोयोटाच्या कारखान्यातून आलेली ही पद्धत आहे म्हणे, पाच वेळा 'का' विचारायचं. तिसऱ्या 'का'ला मला बग सापडला. माझाच होता :)

किल्लारीचंही तसंच आहे की. भूकंप तिथेच का झाला, यावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिलंय. दख्खनचं पठार हा स्थिर भूभाग समजला जायचा. तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात आमचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ मध्ये नकाशा बदलला तेव्हा तो वरच्या पट्ट्यात गेला. आदल्या वर्षी, १९९२ मध्येच किल्लारीच्या आसपास धक्के बसायला लागले होते. गावातले लोक अजून धरणाचं नाव घेतात. ते सगळं घटकाभर बाजूला ठेवू. पण माणसं का मेली, याचं कारण अगदी स्पष्ट आहे. जाड दगडी भिंती, दगड मातीत रचलेले, भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूला सांधणारा आडवा दगड नाही, आणि डोक्यावर कितीतरी वर्षांच्या मातीच्या थरांनी जड झालेलं माळवद. भिंत दोन्हीकडे फाकली आणि माळवद झोपलेल्या माणसांवर बसलं. पुढे पुनर्वसनात ५२ गावं नवीन जागी वसवली गेली. बाकीच्या हजारो घरांच्या दुरुस्तीत इंजिनिअर लोक गवंड्यांना हेच शिकवत होते की भिंतीच्या आरपार जाणारा दगड घाला. कोणीतरी 'कामून' विचारलं म्हणून तो दगड आला.



आणि अ‍ॅब्सर्डचं म्हणाल, तर ज्यांनी हा प्रकार रुजवला त्यांच्याकडे कारणांची काही कमी नाही. आयनेस्कोचं 'द बाल्ड सोप्रानो' हे १९५० मधलं फ्रेंच नाटक. पॅरिसच्या एका छोट्या थिएटरात ते १९५७ पासून चालू आहे. ते त्याला कुठून सुचलं? तो इंग्रजी शिकायला बसला होता. पुस्तकातली जोडपी एकमेकांना सांगतात की आपल्याला इतकी मुलं आहेत, आपण अमुक गावात राहतो. नवरा-बायकोला हे एकमेकांना सांगायची काय गरज? पाचवीत ए-बी-सी-डी सुरू केलेल्या आम्हा मराठवाड्यातल्या पोरांना हे समजावून सांगावं लागत नाही. हातात पेन धरून "धिस इज अ पेन" असं वर्गातल्या साठ जणांना ओरडून सांगितलेली माणसं आम्ही. पेन त्या सगळ्यांना दिसत होतं.

आपल्याकडचं सतीश आळेकरांचं 'महानिर्वाण' घ्या, १९७४ चं. मेलेला माणूस उठून स्वतःच्याच मरणावर कीर्तन करतो आणि मला जुन्याच स्मशानात जाळा म्हणून अडून बसतो. याहून विचित्र काय असणार? पण त्याच्या हट्टाला कारण आहे, चाळीला कारण आहे, मुलाच्या अडचणीला कारण आहे. प्रत्येक जण आपापल्या जागी अगदी तर्काने वागतो आणि सगळं मिळून वेड्यांचा बाजार होतो.

फार लांब कशाला? एप्रिल २०१६ मध्ये आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याच्या आधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून १४४ कलम लावलं होतं. म्हणजे चार-पाच जणांनी मिळून पाण्याजवळ उभं राहायचं नाही. हे कुणी सिनेमात दाखवलं असतं तर परदेशी समीक्षकांनी 'अ‍ॅब्सर्ड' म्हणून टाळ्या वाजवल्या असत्या. पण आम्हाला विचारा, एकेक कारण सांगतो. पाऊस, धरण, पाइपलाइन, ऊस, वर्षानुवर्षांच्या बैठका. प्रत्येक गोष्टीला कारण आहे आणि शेवटी रेल्वेतून पाणी येतंय. हसू येतं ते यामुळे, आणि घशात अडकतं तेही यामुळेच.

'रबर'मध्ये एक प्रसंग आहे जिथे हे होता होता राहिलं. टायर एका ठिकाणी येतो, तिथे जुन्या टायरांचा ढीग पेटवलेला असतो. तो थांबतो, बघत राहतो. त्याचीच जात जळतेय. त्यानंतर तो खूनसत्र चालू करतो. म्हणजे बघा, दिग्दर्शकाच्याही हातून कारण सुटलंच! तो प्रसंग चालू होता तेव्हा मामा डुलकीतून जागे झाले होते. म्हणाले, "हे बरोबर न्हाई. यातले निम्मे रिमोल्ड झाले असते." माझ्या मते या सिनेमाचं इतकं नेमकं परीक्षण कुणी लिहिलं नसेल. पण द्युपिएला आपलं पहिलं भाषण खरं करायचं होतं, त्यामुळे त्याने तो धागा सोडून दिला आणि पुढचं डोकं फोडायला घेतलं.

मित्राला फोन करून हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू फार मनावर घेतलंस. तुला कळलाच नाही तो." असेलही. तो अजूनही म्हणतो की इतक्या कमी पैशात, कॅननच्या फोटो काढायच्या ५डी मार्क टू कॅमेऱ्यावर, असा सिनेमा काढणं हीच कमाल आहे. ते मला मान्य आहे. पहिली पंधरा मिनिटं जरूर बघा. टायर उभा राहायला शिकतो तिथपर्यंत. मग बंद करून जेवायला बसा.



दिवाळीत परत नांदेडला गेलो. या वेळी मीच घाबरत घाबरत विचारलं, सिनेमा लावू का. मामी म्हणाल्या, "टायरचा नको. माणसं असतील तर लाव."

मी जाक तातीचा 'प्लेटाइम' नेला होता, १९६७ चा. तोही फ्रेंच, तोही विचित्र. फारसे संवाद नाहीत, म्हणजे दुभाष्याची नोकरी गेली, बरंच झालं. अख्खा लावला नाही, तो शांतपणे बघायचा सिनेमा आहे आणि घरात फराळाची गडबड होती. नुसता रेस्टॉरंटचा भाग लावला. नवीन कोरं, महागडं रेस्टॉरंट, उद्घाटनाचा दिवस, रंगही वाळलेला नाही. दाराला मोठ्ठी काच. तिला नायक धडकतो आणि काचेचा चुरा होतो. राहते फक्त दाराची गोल पितळी मूठ, दरवानाच्या हातात. आणि पाहुणे तर यायला लागलेत. मग तो दरवान काय करतो? नुसती मूठ हवेत धरून उभा राहतो. पाहुणा आला की मूठ अदबीने बाजूला करतो, आत गेला की परत जागेवर आणतो. दार नाहीच. पण तो उघडतोय आणि लावतोय.

मामी आधी नुसत्या बघत राहिल्या. मग हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

पोरगा विचारायला लागला, "आजी, दार तर फुटलंय, मग तो उघडालाय कामून?"

मामी म्हणाल्या, "मग काय करील बिचारा? नोकरी हाय ना त्याची."

असो. सोमवारी परत ऑफिस आहे. एक तिकीट मी मागच्या आठवड्यात 'कारण माहीत नाही' लिहून बंद केलंय, ते उघडायला हवं.